ढ कोण ठरवतो?



बाबासाहेबांच्या जयंतीला आपल्याकडं सलग १८ तास अभ्यासाचे कार्यक्रम होतात. वाचनालयात, कॉलेजात, विहारात पोरंपोरी पुस्तकं घेऊन बसतात. चांगली गोष्ट आहे. ज्या समाजाला अक्षर ऐकायची बंदी होती तो समाज आपल्या बापाची जयंती पुस्तक उघडून करतो, याचा मला अभिमान आहे. पण एक प्रश्न मला सोडत नाही. ज्याला १८ मिनिटंसुद्धा एका जागी बसवत नाही, ज्याच्या डोळ्यापुढं अक्षरं उलटीपालटी होतात, ज्याला वाचलेलं टिकत नाही पण ऐकलेलं जन्मभर आठवतं, त्याचं आपण काय करायचं? तो कमी आंबेडकरवादी काय?

शाळेनं या माणसाला एक नाव देऊन ठेवलंय. ढ. बाराखडीतलं एक अक्षर उचललं आणि पोराच्या पाठीवर चिकटवलं. आता शास्त्र पुढं गेलंय. काही माणसांच्या मेंदूची घडणच वेगळी असते, हे आता मान्य झालंय. कुणाला वाचन जड जातं, कुणाला आवाज सोसत नाही, कुणाला माणसाच्या तोंडावरचे भाव कळत नाहीत पण यंत्र कळतं. त्याला न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. २०१६ च्या अपंगत्व हक्काच्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, शिकण्यातली विशिष्ट अक्षमताही आहे. कायदा चांगलाच आहे. पण कायद्याच्या दारात जायला दाखला लागतो. दाखल्याला डॉक्टर लागतो, तपासण्या लागतात, खाडे करून हॉस्पिटलच्या खेपा घालणारे आईबाप लागतात. आणि त्याआधी, पोरात काहीतरी वेगळं आहे हे ओळखणारा मास्तर लागतो.

इथंच गोम आहे. 'ब' च्या जागी 'क' लिहिणारी दोन पोरं घ्या. एक सोसायटीतलं, एक वस्तीतलं. पहिल्याला डिस्लेक्सिया होतो. दुसऱ्याला जात होते. पहिल्याच्या आईला मास्तर बोलावून घेतो. दुसऱ्याबद्दल मास्तर म्हणतो, यांच्यात असंच असतं. चूक तीच, वही तीच, निदान मात्र पत्ता बघून! मेंदूची घडण निसर्ग करतो. पण कुणाचा मेंदू आजारी आणि कुणाचा हलका, हे आजही समाजच ठरवतो.

आता एका बाईची गोष्ट सांगतो. टेंपल ग्रँडिन. १९४७ साली अमेरिकेत बोस्टनला जन्मली. साडेतीन वर्षांची होईतो बोलत नव्हती. संस्थेत टाका, असा सल्ला होता. आईनं नाही टाकलं. पुढं शाळेत बीजगणित काही केल्या डोक्यात शिरेना. ती शब्दांत विचारच करत नव्हती, चित्रांत करत होती. मावशीच्या अॅरिझोनातल्या गुरांच्या वाड्यावर तिनं बघितलं, लस टोचताना जनावराला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा एक सापळा असतो, आणि त्यात भेदरलेलं जनावर शांत होतं. तिचंही अंग सतत भेदरलेलं असायचं. तिनं तसाच सापळा स्वतःसाठी बनवला. तज्ज्ञांना तो विकृत प्रकार वाटला. पण विल्यम कार्लॉक नावाच्या विज्ञानाच्या शिक्षकानं तिला हसून उडवलं नाही. हा सापळा शांत का करतो ते शास्त्रानं शोधून काढ, असं तिला कामाला लावलं. मग ती पोरगी शास्त्रीय लेख वाचायला लागली. वाचनाकडं ती गेली ती तिच्या स्वतःच्या प्रश्नाच्या पायवाटेनं.

पुढं ती गुरांच्या धंद्यात शिरली. बाई म्हणून फाटकावर अडवली गेली. गुरं कत्तलखान्याच्या गल्लीत का अडतात हे कुणाला कळत नव्हतं. गडी शिव्या द्यायचे, विजेची काठी टोचायचे. ही बाई स्वतः गल्लीत उतरली आणि गुराच्या उंचीवरून बघू लागली. लोंबणारी साखळी. कुंपणावर टाकलेला कोट. जमिनीवरची काळी सावली. तेवढं दूर केलं की जनावर आपसूक चालायचं. १९८९ ला तिनं डॉक्टरेट घेतली, १९९० पासून कोलोरॅडो राज्य विद्यापीठात शिकवायला लागली. 'थिंकिंग इन पिक्चर्स' हे तिचं पुस्तक १९९५ चं. शिकवता शिकवता तिचं स्वतःचं शिकणंही चालूच राहिलं. माणसांत कसं वागायचं हे आपण एकेक प्रसंग साठवत, नाटकाची तालीम करावी तसं शिकत गेलो, असं ती सांगत आलीय.

तिचं मूल्य काय? जनावर आपण खाण्यासाठी वाढवतो, तर त्याला भय आणि वेदना देऊ नये, एवढंच. पण ती प्रवचन देत बसली नाही. तिनं मोजायचं ठरवलं. पहिल्या फटक्यात शंभरातली ९५ जनावरं तरी बेशुद्ध पडली पाहिजेत. किती हंबरली ते मोजा. किती घसरून पडली ते मोजा. किती जणांना विजेची काठी लावली ते मोजा. दया किती आहे हे विचारू नका, हंबरडे किती ते सांगा. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्या देशात करुणेवर बोलणारे ढीगभर आहेत. हंबरडे मोजणारा कोण आहे?

तुम्ही म्हणाल, गोऱ्या, खात्यापित्या घरातल्या बाईचं कौतुक आम्हाला कशाला? बरोबर आहे. तिच्या घरात दाई ठेवायला पैसा होता, बोलायला शिकवणारी बाई होती. आणि दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. गुराचं अंग आपल्या बापजाद्यांइतकं कुणाला ठाऊक होतं? कातडं कुठून सुटतं, गुरू कशानं मेलं, हे हाताला कळत होतं. तिच्या नजरेला विद्यापीठानं खुर्ची दिली. आपल्या नजरेला गावानं गावकुसाबाहेरची जागा दिली. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या गुराचं मांस सोडा म्हणून सांगितलं ते म्हणूनच. ते ज्ञान जन्माच्या खुंटीला बांधलेलं होतं. २०१६ साली गुजरातेत उन्याला मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना उघडं करून मारलं. तेव्हा त्या कामाकडं परत चला असं मी म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढंच की ज्ञान फक्त पुस्तकात असतं हा बामणी समज आहे. तो आपल्या डोक्यातून अजून गेला नाही.

माझ्या खात्यातला म्हातारा जॉबर सही अडखळत करतो. पण सगळे माग एकदम खडखडत असताना कुठल्या मागाचा आवाज बिघडला ते तो पाठमोरा उभा राहून सांगतो. त्याला कुणी हुशार म्हणत नाही. कारण हुशारीचा रकाना भरायला त्याला पेन धरता येत नाही.

आणि हा प्रश्न आपल्या धम्मालाही नवा नाही. चूळपंथक नावाचा भिक्खू होता. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. सख्ख्या थोरल्या भावानं, जो स्वतः विद्वान भिक्खू होता, त्याला सांगितलं, तुझ्यानं होणार नाही, निघ. तो निघाला. बुद्धांनी त्याला वाटेत गाठलं. त्यांनी गाथा परत पाठ करायला लावली नाही. हातात स्वच्छ कापडाचा तुकडा दिला आणि चोळत राहायला सांगितलं. कापड मळत गेलं. जे आहे ते तसंच राहत नाही, हे त्याला बोटांतून कळलं. कथेतला चमत्काराचा भाग सोडून द्या. उरतं ते असं : बुद्धांनी शिष्य बदलला नाही, साधन बदललं. संघातून हाकलणारा कोण होता तर हुशार भाऊ. तो भाऊ आज आपल्या अभ्यासवर्गात बसलेला नाही काय?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मनूनं वाचू दिलं नाही, आता तू म्हणतोस वाचलं नाही तरी चालेल? नाही, मी तसं म्हणत नाही. वाचन हा आपण लढून घेतलेला हक्क आहे. अण्णाभाऊ साठे शाळेत दीड दिवस टिकले, पण अक्षर त्यांनी सोडलं नाही. मुंबईच्या रस्त्यावरच्या पाट्या वाचत शिकले आणि १९५९ ला 'फकिरा' लिहिली. मी फक्त म्हणतो की अक्षराकडं जायचा रस्ता एकच नाही. भीमराव कर्डकांचे जलसे ऐकून ज्यांना बाबासाहेब कळले त्यांच्यातल्या कितीतरी जणांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या जोरावर चळवळ उभी राहिली. 'शिका' हा शब्द हुकूम आहे तसा तो हक्कही आहे. शिकणाऱ्यासाठी हुकूम, आणि शिकवणाऱ्यावर जबाबदारी. ज्याला वाचता येत नाही त्याच्यावर हुकूम सोडायचा आणि आपली जबाबदारी विसरायची, याला काय म्हणायचं? वर्णव्यवस्थाच ना, फक्त पुस्तकाच्या कव्हरात घातलेली!

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. अभ्यासवर्गात एकानं मोठ्यानं वाचावं. ज्याला हिंडत ऐकायचंय त्याला हिंडू द्यावं. ज्याला गोंगाट सोसत नाही त्याच्यासाठी घोषणा थोड्या थांबवाव्यात, आकाश कोसळत नाही. 'किती पानं वाचलीस' हे विचारण्याआधी 'तुला काय दिसलं' हे विचारावं. आणि टेंपलबाईसारखं मोजावं. पहिल्या बैठकीला किती आले, तिसऱ्याला किती उरले. कोण एकदाही बोललं नाही. कोण 'मला काय कळतंय' म्हणत मागच्या मागं निघून गेलं. त्या नावांची यादी करा. पोलिसांच्या यादीपेक्षा ती महत्त्वाची आहे.

मग त्या यादीतल्या पहिल्या घरी जा. हातात पुस्तक घेऊन जाऊ नका. आधी विचारा, तू कसा शिकतोस?