ईश्वरी कोप आणि पापाचे प्रायश्चित्त

परमेश्वर जीवावर कोपतो काय? आणि एकाच्या पापाचा दंड दुसऱ्याने सोसला असता ते पाप फिटते काय? ख्रिस्ती मताचा विचार करताना हे दोन प्रश्न टाळता येत नाहीत. हे मत मराठी जनांस परके नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये आदामाच्या पतनापासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा ओवीबद्ध 'क्रिस्तपुराणा'त सांगितली. परभणीलगतच्या जालना भागात एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती जनांची बेथेल ही वसाहत वसविली.

त्या मताचे म्हणणे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. देव पवित्र आहे. पाप हा त्याच्या पवित्रतेचा भंग होय आणि कोप हे त्या पवित्रतेचेच दुसरे रूप होय. अन्याय पाहूनही ज्यास काहीच वाटत नाही, त्यास दयाळू कसे म्हणावे, असा त्यांचा आक्षेप आहे आणि तो दुर्बळ नाही. ख्रिस्ताने क्रुसावर मरण पत्करून मनुष्याचे पाप आपल्यावर घेतले, यावर सर्व ख्रिस्ती जनांची श्रद्धा आहे. परंतु हे कसे घडले याविषयी त्यांच्या आचार्यांत एकमत नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म यांनी त्यास देवाच्या मानभंगाची भरपाई म्हटले. बाराव्या शतकात अबेलार्ड यांनी त्या प्रेमाच्या दर्शनाने मनुष्याच्या ठायी प्रेम उपजते, यावर भर दिला. सोळाव्या शतकातील कॅल्विन यांनी ख्रिस्ताने आपला दंड सोसला, असे प्रतिपादिले.

ब्रह्मविद्येचा निर्णय निराळा आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र व अनादि आहेत. जीव अनादि अविद्येने बद्ध आहे. त्याचे बंधन परमेश्वराच्या रोषातून उपजलेले नाही. कर्माचे फळ चुकत नाही, म्हणून अन्याय मोकळा सुटतो असेही नाही. परंतु त्या फळाची व्यवस्था देवतांकडे आहे. परमेश्वर जीवोद्धारासाठीच अवतार स्वीकारतो. दंड देणे निराळे आणि उद्धरणे निराळे. लीळाचरित्रातील सशाची लीळा येथे आठवावी. पारध्यांच्या भयाने ससा सर्वज्ञांच्या आश्रयास आला. स्वामींनी सशास राखिले. पारध्यांवर मात्र कोप केला नाही, त्यांस बोध केला. अन्याय थांबला आणि त्यासाठी कोपाची गरज पडली नाही.

यावर कोणी म्हणेल की, श्रीकृष्णांनी शिशुपाळास मारिले, तो कोप नव्हे काय? परभणी जिल्ह्यातील बोरीचे कवीश्वर भास्करभट्ट यांनी याच प्रसंगावर 'शिशुपाळवध' रचिला. परंतु ज्याने शंभर अपराध सोसले, त्याच्या कृतीस क्रोधाधीन म्हणता येत नाही. क्रोधास मोजणी ठाऊक नसते.

आता दुसरा प्रश्न. ऋण दुसऱ्यास फेडता येते, कारण धन हस्तांतरित होते. दोष मात्र कर्त्याच्या अंतःकरणाशी जडलेला असतो. रोग्याचे पथ्य वैद्याने पाळून रोग जात नाही. म्हणून स्वतःचा अनुताप, दोषाचे निवेदन आणि प्रायश्चित्त यांवाचून गत्यंतर नाही. तरीही जीव स्वबळावर तरत नाही. ज्ञान देणारा परमेश्वरच. या ठिकाणी अबेलार्ड यांचे म्हणणे ब्रह्मविद्येच्या निकट येते: कृपेचे दर्शन झाल्यावरच खरा अनुताप उपजतो.

हा केवळ शास्त्रार्थ नव्हे. १९७२ चा दुष्काळ असो की १९९३ चा किल्लारीचा भूकंप असो, अशा आपत्तीत 'देव कोपला' हे शब्द सहज मुखी येतात. पुत्रशोकाने पोळलेल्या मातेस हे वाक्य ऐकविणे म्हणजे तिच्या दुःखावर अपराधाचे ओझे चढविणे होय. त्या भयापोटीच मुक्या पशूच्या मानेवर सुरी फिरते. पशुबळीने पाप फिटत नाही, हे तर ख्रिस्ती शास्त्रही सांगते.

दुसरा धोका अनुसरलेल्यांच्या आणि वासनिकांच्या दाराशीच आहे. प्रायश्चित्त घेतले, आता दोष फिटला, असे मानून तोच दोष पुन्हा आचरणे म्हणजे प्रायश्चित्तास मोल ठरविणे होय. क्रुसाकडे बोट दाखवून निश्चिंत होणारा आणि प्रायश्चित्ताकडे बोट दाखवून निश्चिंत होणारा, या दोघांत भेद तो काय? परमेश्वर कोपत नाही, हे जाणून जो निर्भय होतो त्याने भले केले. जो निर्लज्ज होतो त्याने ती कृपा जाणलीच नाही.