समास सोडावा

आज दासबोधाचा एकोणिसावा दशक सुरू झाला. रोज एक या हिशेबाने आजचा समास १८१ वा, आणि त्याचा विषय आहे लेखनक्रिया. अठरा दशकं माया, ब्रह्म, विवेक, वैराग्य ऐकवल्यावर समर्थ एकदम शाई, बरू आणि कागदावर येतात. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, हे इथे कुठून आलं? हस्ताक्षराचा तास का?

मला तो या वेळी अगदी नेमका भेटला. आमचा वाचनाचा एक लहानसा गट आहे. काही जण पुण्यात, काही बेंगळुरूला, दोघं जर्मनीत. रोजचा समास फोनवर नीट वाचता यावा म्हणून मी गटासाठी एक वाचनपान तयार करतोय. मजकूर आणि अर्थ लावून झाला दोन संध्याकाळींत. गेले दोन आठवडे चर्चा चालू आहे ती मजकुराच्या बाजूला काय ठेवायचं याची. सज्जनगडाचा फोटो हवा. पंचांग हवं. ऑडिओ हवा. रंग भगवा की पांढरा? आणि सगळ्यात जोरात आलेली मागणी म्हणजे स्ट्रीक. सलग किती दिवस वाचलं त्याचा आकडा, शेजारी छोटी ज्योत, आणि आज कोणी कोणी वाचलं त्याची क्रमवार यादी. सरळ सांगायचं तर लीडरबोर्ड.

यात धर्माचा प्रश्न काय, असं कुणी म्हणेल. डिझाइनचा प्रश्न आहे, थीम निवडा आणि पुढे चला. पण शब्दाच्या शेजारी आपण काय ठेवतो यावरून तो शब्द आपल्याला कशासाठी हवाय ते कळतं, असं मला वाटतं.

आता समर्थ काय सांगतात ते बघा. अक्षर सुंदर, घडीव असावं, पाहताक्षणी जाणत्याला समाधान वाटावं. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत सगळं दिसावं, जणू एकाच टाकाने एका दमात लिहिलंय. (आम्ही याला कन्सिस्टन्सी म्हणतो आणि त्यासाठी मीटिंगा घेतो.) वेगवेगळ्या देशांचे बरू आणावेत, रंग जमवावेत, लाल शाईसाठी हिंगूळ जवळ असावा. पोथी बांधायला बासनं, मेणकापडं, ठेवायला पेट्या, पेट्यांना कुलुपं. वाचताना एक गोष्ट लक्षात येते, की हा माणूस सजावटीच्या विरोधात अजिबात नाही. लिहिलेलं पाहून लोकांना मोह पडावा, इथपर्यंत ते जातात.

पहिल्याच ओवीत हा उपदेश ब्राह्मणांना उद्देशून आहे, हेही सांगायला हवं. तेव्हा लेखणी कुणाच्या हातात होती ते त्या एका शब्दात दिसतं, आणि आज वाचताना ते टोचतं. टोचू द्यावं. पुढचा सगळा उपदेश मात्र आज कीबोर्ड हातात असलेल्या कुणालाही लागू आहे, आणि तो मी तसाच वाचतो.

आपल्या पिढीला एक सोपं उत्तर आवडतं, की खरी भक्ती म्हणजे साधेपणा, म्हणून पान पांढरं ठेवा, सगळं काढून टाका. मला हे पटत नाही. पांढऱ्या पानावर मधोमध एक नाजूक ओळ, ही आजकालची सर्वांत महागडी फॅशन आहे. साधेपणाचाही दिखावा होतो. उलट पंढरपुरात विठोबाला सणावाराला केवढे दागिने चढतात, तिथे कुणाची भक्ती कमी होत नाही. पूजेत सोळा उपचार आहेत, त्यांत वस्त्र आहे, गंध आहे, फूल आहे. सजवणं हीही सेवा आहे. गणपतीत मखर करतोच की आपण. फक्त कधी कधी मखर एवढं मोठं आणि लायटिंग एवढं जोरात असतं, की मूर्ती शोधावी लागते आणि आरतीला आलेले लोक मखराचे फोटो काढून जातात. सजावट कमी की जास्त, हा मुद्दा नाही. तिचं तोंड कुणाकडे आहे हे बघायचं.

समर्थांच्या या समासात दोन सूचना आहेत, ज्यांच्यावर मी दोन दिवस अडकून आहे.

एक म्हणजे, तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही. मध्यम अक्षर काढावं. किती साधी गोष्ट! पण हे सांगणारा माणूस वीस-तीस वर्षं पुढच्या डोळ्यांचा विचार करतोय. आपण चौदाच्या साइजचा राखाडी फॉन्ट निवडतो, कारण आपल्या नव्या स्क्रीनवर तो देखणा दिसतो. माझी आई तेच पान उघडून हात लांब करते, मग चष्मा शोधते, मग फोन बाजूला ठेवते आणि म्हणते, "तूच वाच रे." देवनागरीला वरखाली वेलांट्या, उकार, मात्रा असतात, म्हणून ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं. अक्षरं फॅशन म्हणून लांब लांब केली तर शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये नोंदवलं, तर काही फॉन्ट ल आणि श आपोआप मराठी वळणाचे दाखवतात. या सगळ्याला कुणी लाइक देणार नाही. चांगलं केलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. तरी मला आता वाटतं, पानाची खरी सजावट हीच.

दुसरी सूचना समासाची. म्हणजे मार्जिनची. शाळेच्या वहीत पट्टीने लाल रेघ मारून आपण जो समास आखायचो, तो. दासबोधात प्रकरणालाही समास म्हणतात आणि पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेलाही आपण समासच म्हणतो, हा योगायोग मला फार आवडतो. समर्थ सांगतात, भोवती जागा सोडावी आणि मजकूर मध्ये लिहावा. का? तर कागद कडेने झडतो. हाताळून, वाळवीने, ओलीने कडा जातात. त्या गेल्या तरी अक्षराला धक्का लागू नये.

म्हणजे कड ही झिजण्यासाठी आहे. ती स्वतः जाते आणि शब्द वाचवते.

मी जेव्हा स्क्रीनवरच्या त्या बाजूच्या रकान्याकडे पाहतो, तेव्हा आपण नेमकं उलटं करतो असं दिसतं. बाजू हीच सगळ्यात चमकणारी, हलणारी, लाल ठिपका दाखवणारी जागा. डोळा आधी तिथे जातो. गंमत म्हणजे फोनवर बाजू उरतच नाही. पडदा अरुंद, त्यामुळे तो रकाना घसरून मजकुराच्या खाली जातो. लीडरबोर्ड खाली गेला तर कुणी पाहणार नाही, म्हणून तो ओवीवर तरंगता ठेवावा, अशीही एक सूचना आली.

जुन्या पोथ्यांचा समास काही कोराच राहायचा असं नाही. लिहिताना सुटलेलं अक्षर ओळीत हंसपदाची खूण करून समासात लिहीत. कठीण शब्दाचा अर्थ तिथे येई. चुकलेलं पिवळ्या हरताळाने पुसत, 'हरताळ फासणे' आपल्याकडे आलं ते तिथूनच. म्हणजे बाजूच्या जागेत जे येई ते मजकूर नीट कळावा म्हणून. लेखनिकाचं नावही असायचं, पण शेवटी, ग्रंथ संपल्यावर. आणि तिथेही अनेकदा विनंती असे, की हे पुस्तक तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि मूर्खाच्या हातापासून जपा. तेही पुस्तकासाठीच.

शेजारी काय ठेवू नये, याचा सर्वांत कडक इशारा नाथांचा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ ला, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि शेवटी बजावलं, की यात जो कुणी स्वतःची ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी, म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. नाथ स्वतः केवढे मोठे कवी. ज्यांची ओवी तिथे शोभली असती, तेच हे सांगतात!

आता आकड्याचं काय? मोजणं वाईट, असं मी म्हणू शकत नाही. आपल्या परंपरेत मोजणं आहेच. माळेला १०८ मणी आहेत. समर्थांनी टाकळीला तेरा कोटी रामनामाचा जप केला असं परंपरा सांगते, म्हणजे आकडा तिनेही लक्षात ठेवला. पण माळेबरोबर एक गोमुखीही आहे. ती कापडी पिशवी, जिच्यात हात घालून माळ ओढतात. मणी सरकतोय हे बोटांना कळतं, समोरच्याला दिसत नाही. काउंटर आहे, त्याचा डिस्प्ले नाही. हे कुणी ठरवलं माहीत नाही, पण त्याला माणसाचं मन चांगलं ठाऊक होतं. आकडा दिसायला लागला की बोटांना घाई होते.

आणि यादीत घाई कुणाची दिसणार? आई गेल्या आठवड्यात चार दिवस एकाच समासावर थांबली. रोज तोच. पाचव्या दिवशी म्हणाली, "आत्ता कुठे कळायला लागलंय." लीडरबोर्डवर ती शेवटची आली असती, ज्योत विझलेली. जो ऑफिसच्या बसमध्ये नव्वद सेकंदांत स्क्रोल करून 'वाचले' दाबतो, तो पहिला. श्रवणानंतर मनन सांगितलंय, आणि मननाचा आकडा मला तरी कोडमध्ये लिहिता येत नाही.

एवढ्यावर मी निर्णय घेऊन मोकळा झालो असतो. पण गटातल्या एका मित्राने फोन केला. तो म्हणाला, "अरे, तुझं गोमुखीचं पटतं. पण माझं ऐक. बाबा गेल्यापासून सकाळी उठायला कारणच उरलं नव्हतं. गटात 'आज वाचलं' असं लिहायला लागलो, म्हणून साडेपाचला उठतो. कुणीतरी बघतंय म्हणून उठतो. तू ते काढलंस तर मी परत झोपेन." याच्यावर काय बोलणार? याला अहंकार म्हणायची माझी हिंमत नाही. दिंडीत माणूस एकटा चालत नाही. पुढच्या पाठीकडे बघत चालतो, मागचा आपल्याकडे बघतोय हे त्याला माहीत असतं, आणि त्यावरच पाय उचलतात. बघितलं जाणं हासुद्धा आधार असतो.

पण दिंडीत कोण किती पुढे, याचा फलक लावत नाहीत. सोबत आणि क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकाच रकान्यात बसवल्यामुळे आमचा घोळ झाला होता. मित्राला सोबत हवी होती. इतर काहींना, खरं सांगायचं तर, क्रमांक हवा होता. तेही साहजिक आहे. दिवसभर ऑफिसात डॅशबोर्डवर जगणाऱ्या माणसाला पहाटेही एक डॅशबोर्ड हवासा वाटतो. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव असतं, तसंच हे. निदान पंखा फिरायला लागला की ते नाव वाचता येत नाही.

म्हणून आत्तापुरतं असं ठरवलंय. यादी नाही, ज्योत नाही, क्रम नाही. ज्याला मोजायचंय त्याचा आकडा त्याच्याच फोनवर राहील, आत, दोन वेळा दाबल्याशिवाय न दिसणारा. ज्याला सोबत हवी त्याने गटातलं एक माणूस निवडावं. वाचून झालं की फक्त त्या एकाला 'वाचलं' एवढाच निरोप जाईल, किती दिवस ते जाणार नाही. मित्राने आपली मोठी बहीण निवडली. पंचांग ओवीखाली जाईल. ऑडिओ राहील, कारण आईला तो लागतो. कठीण शब्दांचे अर्थ समासात, जुन्या पोथीसारखे. सज्जनगडाच्या फोटोवर अजून एकमत नाही. मला तो शेवटी, समास संपल्यावर हवाय. जर्मनीतले दोघं म्हणतात, उघडल्या उघडल्या गड दिसू दे, इथे खिडकीतून काहीच ओळखीचं दिसत नाही. त्यांचंही खोटं नाही.

फॉन्टचा साइज मात्र आजच वीसवर नेला. आई बघून म्हणाली, "अजून थोडं मोठं कर." बावीस केलंय.