पहिली पंधरा मिनिटे

मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात 1871 साली परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा चांगली नर्स कशी असावी याचा नमुना लंडनमध्ये तयार होता. सेंट थॉमस हॉस्पिटलातल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या शाळेत 1860 पासून प्रत्येक उमेदवार मुलीचा मासिक तक्ता भरला जाई. एका बाजूला वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा. दुसऱ्या बाजूला मलमपट्टी, जळवा लावणे, एनिमा देणे. आजच्या क्षमतांच्या याद्यांचे मूळ मला त्या तक्त्यात दिसते. मात्र आपल्याकडच्या रुग्णालयांनी त्यातली पहिली बाजूच अधिक मनावर घेतली, असे मला वाटते. निमूटपणे सांगितलेले काम करणे हाच मोठा गुण ठरला.

1926 मध्ये मद्रास प्रांताने परिचारिका व सुईणींच्या नोंदणीचा कायदा केला. शिकलेली आणि न शिकलेली यांत कायद्याने रेषा ओढली गेली; रुग्णाइतकाच त्याचा आधार नर्सलाही होता. 1947 च्या कायद्याने देशभरासाठी भारतीय परिचर्या परिषद आली. मग हिशेब सुरू झाला तासांचा आणि केसबुकचा. वीस बाळंतपणे केली, सही घेतली, वही पूर्ण.

या मोजणीत काय निसटते ते रक्त चढवताना कळते. पिशवी, गट, रुग्णाचे नाव दोघींनी पडताळायचे, रक्त सुरू करायचे आणि पहिली पंधरा मिनिटे खाटेजवळून हलायचे नाही. वहीत याची एक ओळ होते. पण रुग्णाला हुडहुडी भरली, कंबर दुखू लागली, तर कुणाच्या परवानगीची वाट न पाहता रक्त थांबवायचे, सलाइनने शीर चालू ठेवायची आणि डॉक्टरांना बोलवायचे, हे तिला जमते का? निमूटपणाच शिकलेली मुलगी इथे थबकते. क्षमतेचे मानक मला मोलाचे वाटते ते यासाठी. ते तिला निर्णय घेण्याचा अधिकार देते.

अमेरिकेतल्या पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 च्या पुस्तकात नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्या मांडल्या. त्यांचे एक निरीक्षण आपल्याकडे फारसे कुणी मनावर घेत नाही: मुरलेली नर्सही अनोळखी विभागात गेली की पुन्हा नवशिकी होते. क्षमता माणसात असते तशीच ती वॉर्डातही असते, शेजारी उभ्या असलेल्या अनुभवी सिस्टरमध्ये असते.

2021 मध्ये परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला. सत्रपद्धती, श्रेयांक, सिम्युलेशन लॅब आणि दहा गाभा क्षमता आल्या. त्यांत सुरक्षितता आहे, संवाद आहे, पुराव्यावर आधारित शुश्रूषाही आहे. दिशा योग्यच आहे. पण पुतळ्यावर सुई टोचून पाहणारे शिक्षक कॉलेजचे आणि वॉर्ड चालवणाऱ्या सिस्टर रुग्णालयाच्या, ही फट अनेक ठिकाणी तशीच राहिली आहे. परगावाहून चेन्नईत शिकायला आलेल्या मुलीला संवादाचे गुण मिळतात. रात्री तमिळ आजी कुठे दुखते ते सांगते, तेव्हा मदतीला शेजारची सिस्टरच असते.

तमिळनाडूने चोवीस तास चालणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रत्येकी तीन स्टाफ नर्स पाळीपाळीने नेमल्या. बाळंतपणे गावाजवळ झाली, हे मोठे काम. पण तिघींत पाळ्या वाटल्या की रात्री एकच उरते. कालपरवा पदवी घेतलेली मुलगी, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाही, रुग्णवाहिका यायची आहे. बेनर यांच्या शिडीवर ती दुसऱ्या पायरीवर असेल. काम तिच्याकडून चौथीचे मागितले जाते. नोव्हेंबर 2017 मध्ये कंत्राटी परिचारिका नोकरी कायम करण्यासाठी चेन्नईत धरणे धरून बसल्या. त्या मागणीकडे मी शिक्षणाचा प्रश्न म्हणूनही पाहते, कारण वरच्या पायऱ्या चढायला एका जागी टिकून राहावे लागते.

2023 च्या कायद्याने परिषदेच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाची तरतूद केली आहे. आयोगाने कॉलेजातल्या लॅब जरूर तपासाव्यात. त्याचबरोबर पदवीनंतरची पहिली नेमणूक कुठे होते आणि सुरुवातीच्या महिन्यांत रात्रपाळीला सोबत कोण असते, याचीही नोंद मागावी. ती सोबत पुरवणे ही नोकरी देणाऱ्याची जबाबदारी मानकातच लिहायला हवी.