एंगेज लागलेल्यांची नोंद

1 डिसेंबर 1996 रोजी अमेरिका ऑनलाइन या कंपनीने तासांवरची आकारणी सोडून महिन्याला 19.95 डॉलरमध्ये टेलिफोन लाइनवरून (डायल-अप) हवे तितके इंटरनेट देऊ केले. लोक एकदा जोडले गेले की उठेनात. जानेवारीत नंबर फिरवणाऱ्यांना जेव्हा पाहावे तेव्हा एंगेज टोन मिळू लागला. तक्रारी अनेक राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलपर्यंत गेल्या आणि कंपनीला पैसे परत करायचे कबूल करावे लागले.

डायल-अप सर्व्हरच्या नोंदींत मात्र असा खोळंबलेला माणूस सापडत नाही. ‘रेडियस’ पद्धतीच्या हिशेबात कोण जोडला गेला, किती सेकंद राहिला, किती बाइट गेले-आले, लाइन तुटली की त्याने स्वतः तोडली, हे सगळे असते. पण सर्व लाइन गुंतल्या की एंगेज टोन देते ते टेलिफोन एक्स्चेंज. कॉल सर्व्हरपर्यंत पोचतच नाही.

न दिसण्यावरून नसणे ठरवता येते का, यावर भारतीय दार्शनिक शतकानुशतके भांडले. कुमारिल भट्टांच्या मीमांसकांनी अनुपलब्धी, म्हणजे न दिसणे, हे ज्ञानाचे सहावे स्वतंत्र प्रमाण मानले. अद्वैत वेदान्त्यांनीही ते स्वीकारले. जमिनीवर घट नाही हे डोळ्यांनाच कळते, असे नैयायिकांचे म्हणणे. बौद्ध धर्मकीर्तीने हे ज्ञान अनुमानात घातले. एक अट मात्र या वादात पुन्हापुन्हा येते, आणि तीच मोलाची आहे: वस्तू तिथे असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

सर्व्हरच्या नोंदींत दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी भेटतात. कॉल ओळीने एकेका मॉडेमकडे जात असतील, आणि तेराव्या व पंधराव्यावर दिवसभर वर्दळ असून चौदाव्यावर एकही नोंद नसेल, तर तिथे नक्की काहीतरी बिघडले आहे. तिथे कॉल लागला असता, तर नोंद झालीच असती. एंगेज लागलेल्या माणसाबाबत ही अट पुरी होत नाही. त्याची नोंद नाही म्हणून तो नव्हता, असे म्हणणारा व्यवस्थापक अंधारात घट शोधतो आहे.

न दिसणाऱ्या कॉलचा अंदाज बांधायची वाट फार आधीच काढली होती ती कोपनहेगन टेलिफोन कंपनीतल्या आग्नर एर्लांग या गणितज्ञाने. त्याच्या 1917 च्या सूत्रानुसार 23 लाइन असतील आणि मागणी सरासरी 20 लाइन गुंतवण्याइतकी असेल, तर साधारण बारातला एक कॉल परत फिरतो. त्याच वेळी सर्व्हरचा आलेख सरासरी 18 लाइन चालू दाखवतो. पाहणाऱ्याला वाटते, चांगली ऐसपैस जागा आहे! सरासरीवर विसंबून नव्या लाइन नाकारणे हा ग्राहकांवर उघड अन्याय आहे. सरासरीऐवजी संध्याकाळी आलेख 23 वर किती वेळ सपाट राहतो, ते पाहायला हवे.

सूत्राचे एक गृहीतक मात्र इथे डळमळते. एंगेज लागलेला माणूस नाद सोडतो, असे ते धरून चालते. डायल-अपवाल्याचा मॉडेम पुन्हापुन्हा नंबर फिरवत राहतो. म्हणून एक्स्चेंजकडून परत फिरलेल्या कॉलचा आकडा मागवावाच लागतो. तोही आकडा कॉलचा असतो. त्यामागे माणसे किती होती आणि त्यांतल्या किती जणांनी कंटाळून कॉम्प्युटर बंद केला, हे एक्स्चेंजलाही दिसण्याजोगे नसते.