दत्तकाची पात्रता

आशीर्वाद सभांच्या फलकांवर आणि मोबाइलवरच्या प्रवचनांत हल्ली ‘वारसा’ या शब्दाची फार चलती आहे. तुम्ही राजाची लेकरे आहात, तेव्हा आपला वारसा हक्काने मागा, असे सांगितले जाते. मग त्या वारशाची यादी येते : नोकरी, घर, व्हिसा, आजारातून सुटका. त्याआधी देणगीचे ‘बीज’ पेरायचे असते, हे ओघाने आलेच. एवढे करूनही आजार हटला नाही, तर तुमचा विश्वास कमी पडला, हे उत्तर तयार असते. देवाची प्रीती विनाअट आहे असे सांगणारेच हे बोलतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या डोक्यावर आजाराबरोबर दोषही चढतो. ही काही प्रचारकांची लबाडी आहे म्हणून सोडून देता आले असते. पण तिच्या मुळाशी जो समज आहे, तो शिकल्यासवरल्या, शांत ख्रिस्ती घरांतही पक्का बसला आहे. पूर्वी नियमशास्त्र पाळण्याची अट होती, ख्रिस्तानंतर तिच्या जागी विश्वासाची अट आली, असा तो समज. अट असली की कमी-जास्त मोजणे आले आणि मोजणारा मध्यस्थही आला.

वारशाची कल्पना यहुदी शास्त्रात जमिनीपासून सुरू होते : अब्राहामाला दिलेले वचन, कनान देश, वंशावार वाटण्या. समृद्धीचे उपदेशक याच पानांवर रेंगाळतात. लेवीच्या वंशाला जमिनीची वाटणी मिळाली नाही, देव हाच त्यांचा वाटा ठरला, हे मात्र ते सांगत नाहीत. खरे वळण पौलाच्या गलतीकरांस पत्रात येते. त्याचा युक्तिवाद वकिली आहे. कायम झालेला करार मागाहून कोणी रद्द करीत नाही की त्यात कलम घुसडत नाही. अब्राहामाला वचन आधी मिळाले, नियमशास्त्र चारशे तीस वर्षांनी आले, म्हणून ते त्या वचनाची अट होऊ शकत नाही. इथवर सगळे बरोबर वाचतात आणि लगेच रिकाम्या झालेल्या जागी विश्वासाला बसवतात. तसे केले तर पौलाचा मुद्दाच कोसळतो. मागाहून अट घालता येत नसेल, तर विश्वासाचीही घालता येत नाही.

म्हणूनच पौल करारावर न थांबता पुढे दत्तकाकडे जातो. त्याच्या वाचकांना हा विषय परका नव्हता. ऑक्टेव्हियन सीझरच्या मृत्युपत्राने दत्तक झाला होता. इसवी सन ५० मध्ये सम्राट क्लॉडियसने पोटचा मुलगा हयात असताना नीरोला दत्तक घेतले, आणि पौलाचे रोमकरांस पत्र तिथे पोचले तेव्हा गादीवर तोच नीरो होता. नागपूरकराला तर दत्तकाचे मोल वेगळे सांगायला नको. ११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले. राजघराण्यातील स्त्रियांनी नात्यातील यशवंतरावांना दत्तक घेऊन त्यांचे नाव जानोजी ठेवले. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो वारस मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. (याच डलहौसीच्या कारकिर्दीत १८५० चा एकविसावा कायदा झाला. धर्म बदलला म्हणून वडिलोपार्जित हक्क जाणार नाही, असे तो सांगत होता. पोटच्या धर्मांतरिताला वारसा, आणि राजाच्या दत्तकाला नकार!) रोम असो की नागपूर, दत्तक घेणाऱ्याची गरज त्यामागे असते. गादी हवी असते, नाव चालवायचे असते, पिंड द्यायला कोणी हवे असते. पौलाच्या देवाला यातले काहीच नको आहे. त्याला पुत्र आहे, वंशाची चिंता नाही. तरीही तो गुलामांना घरात घेऊन वारस करतो. याला प्रीतीखेरीज कारण देता येत नाही, आणि विनाअट म्हणजे एवढेच. दत्तकाला गुणपत्रिका लागत नाही. विश्वास म्हणजे घरात घेतलेल्या मुलाने ‘बाबा’ म्हणून मारलेली हाक.

पुढे कृपा की कर्म यावरून ऑगस्टीनने पेलागियसशी आणि ल्यूथरने रोमशी जे भांडण मांडले, ते याच अंगाने वाचावे. ल्यूथरने कर्माच्या जागी विश्वास हे नवे कर्म आणले, असे सर्रास म्हटले जाते. पण त्याच्या लेखी विश्वासही देवाचीच देणगी होती. कोणी म्हणेल, हाक मारणे हीदेखील अटच झाली. नाही, कारण हाकेला माप नसते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप आपला अविश्वास उघड कबूल करतो, तरी मुलगा बरा होतो. उलट पौलाने आपल्या देहातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली, आणि तो गेला नाही. पौलाचा विश्वास कमी पडला, असे म्हणायला कोण धजेल? दुसरा आक्षेप याकोबाच्या पत्राचा : कर्मांविना विश्वास निर्जीव. मान्य. घराची रीत मूल घरात आल्यावर शिकते. ती आली म्हणून कोणी त्याला दत्तक घेत नाही. आणि रोमकरांस पत्रात वारसांच्या वाट्याला ख्रिस्ताबरोबर दुःख सोसणेही आले आहे. ते कोणत्याच फलकावर दिसत नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाने तर हे विसरू नये. इथे पहिल्या पिढ्यांनी ‘देवाचे वारस’ हे शब्द उच्चारले, तेव्हा कायदा बाजूने असूनही अनेकांचे घर सुटले होते. नागपुरात काही काळ राहिलेले कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन आले ते संसार मोडूनच. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगारही सोडला. त्यांच्या अभंगांतला ख्रिस्त माउली होतो, त्याला वारकरी पेहराव म्हणून बाजूला सारणे चूक आहे. लेकराची लायकी आई तपासत नाही, हा पौलाचाच मुद्दा आहे, आणि मराठीत तो तुकोबांच्या वाटेने आला. अशा परंपरेत वाढलेल्यांनी व्हिसाला वारसा म्हणावे, ही घसरण आहे. सभा भरवणाऱ्यांना म्हणून एकच विनंती : मार्काचा नववा अध्याय आणि पौलाचा काटा एकाच व्यासपीठावरून वाचा, आणि ज्याचा आजार गेला नाही त्याला ‘तुमचा विश्वास कमी पडला’ म्हणणे आजपासून बंद करा.