हिशेब मागणे म्हणजे संशय घेणे काय?

आष्टी तालुक्यातील कडा असो वा बीड जिल्ह्यातील दुसरे कोणतेही गाव, ग्रामपंचायतीचा विषय निघाला की दोन उत्तरे ठरलेली असतात. ‘सगळे सारखेच’ हे एक आणि ‘आपलाच माणूस आहे, कशाला विचारायचे?’ हे दुसरे. दुसरे उत्तर देणारे धर्माचा आधारही घेतात. सूरह हुजुरातमध्ये वाईट संशयापासून दूर राहण्याचा आदेश आहे. मग सरपंचाकडे खर्चाचा तपशील मागणे हा संशयच नव्हे काय?

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही कुरआनातच पाहावे. दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (सूरह बकरा, 282) उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, तो लिहून ठेवावा, साक्षीदार घ्यावेत, असा तिचा आशय. हे संबोधन ईमानधारकांना आहे, परस्परांवर विश्वास असलेल्यांना! लेखी नोंद अविश्वासाची खूण असती, तर हा आदेश त्यांना मिळाला नसता.

सहीह बुखारीतील प्रसंग तर अधिक बोलका आहे. जकात गोळा करून आलेले इब्ने लुतबिय्या म्हणाले, हा माल तुमचा आणि हा मला मिळालेली भेट. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांचा हिशेब घेतला आणि आईवडिलांच्या घरी बसून राहिले असते तर ही भेट आली असती काय, असे विचारले. हिशेब एका सहाबींचा घेतला गेला, हे ध्यानात घ्यावे. पद ही अमानत आहे आणि ठेव ठेवणाऱ्याने ठेवीची चौकशी करणे यात गैर काही नाही.

मात्र आपल्या मौनामागे नेहमी सद्भावनाच असते असे नाही. 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडून खंडणी उकळण्याच्या आड ते आले, असा तपासयंत्रणेचा आरोप आहे. खटला न्यायालयात आहे. अशा जिल्ह्यात माणूस गप्प बसला तर त्याला दोष देणे सोपे नाही. तरीही भीतीला सद्भावनेचे नाव देऊ नये. एकट्याने उभे राहणे जेथे धोक्याचे, तेथे अनेकांनी मिळून विचारावे. ग्रामसभा त्यासाठीच आहे. कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा आवश्यक आहेत, पंचायतीचे हिशेब तिच्यापुढे ठेवावे लागतात आणि गणपूर्तीला शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. त्याआधी महिलांची स्वतंत्र सभा होते. आपल्या घरातून तिला कोण जाते?