उठला, पण जखमांसह

उपवासकाळ सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी बाप्तिस्मा, दशांश, मिश्रविवाह यांबद्दल विचारणारे लोक झावळ्यांचा रविवार जवळ आला की थेट वधस्तंभापाशी येतात. या वेळी चार पत्रे घेतली आहेत. तीन पत्रांना बरीच जास्त जागा दिली आहे. ती वाचल्यावर त्याचे कारण कळेल.

शंका : पाळकसाहेब, सलाम. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. होस्टेलवरचा मित्र म्हणाला, "आमच्या जत्रेत बकरा कापतात म्हणून तुम्ही नाक मुरडता, आणि तुमच्या देवाला तर स्वतःच्या मुलाचंच रक्त लागलं!" मला उत्तर देता आले नाही. आता तो प्रश्न माझाच झाला आहे. देवाला क्षमाच करायची होती, तर नुसती का नाही केली?

समाधान : बाळ, आधी नाक मुरडणे सोड. त्या जत्रेतल्या माणसालाही देवाशी आपले काहीतरी बिनसले आहे असे वाटत असते आणि ते निस्तरायची त्याची धडपड असते.

तुझ्या मित्राच्या डोळ्यांपुढे जे चित्र आहे ते आम्हीच रंगवले आहे. रागावलेला बाप, समोर निरपराध मुलगा, आणि मुलाच्या रक्ताने बापाचा राग शांत होतो. व्यासपीठावरून मीही हे चित्र अनेकदा काढले. आज मला ते खोटे वाटते. यरुशलेमजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्यात लोक आपली लेकरे अग्नीत अर्पण करत, तेव्हा यिर्मया संदेष्ट्याने देवाच्या नावाने त्याचा जो धिक्कार केला तो वाच. हे माझ्या मनातही कधी आले नव्हते, असे तो देव म्हणतो. असा देव पुढे स्वतःच्या बाबतीत नेमके तेच मागेल?

येशूला मारले कोणी, तेही नीट बघ. यहूदियाचा रोमन सुभेदार पंतय पिलात याने शिक्षा फर्मावली आणि रोमन शिपायांनी ती अमलात आणली. तिबेरियस बादशहाच्या काळात पिलाताने ख्रिस्ताला देहान्त शिक्षा दिली, हे टॅसिटस या रोमन इतिहासकारानेही नोंदवले आहे, आणि त्याला ख्रिस्ती लोकांबद्दल काडीचे प्रेम नव्हते. वधस्तंभ ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा. इ.स.पू. 71 मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याकडेला सहा हजार माणसे अशी टांगली होती. वधस्तंभ उभा केला तो माणसांनी, आणि ज्यांना सत्ता टिकवायची होती त्यांनी.

मग देव कुठे होता? तो वधस्तंभावर होता. ख्रिस्ती विश्वासाचा सगळा भार या एका वाक्यावर आहे. बाप आणि पुत्र हे दोन वेगळे पक्ष, एक मारणारा आणि एक मरणारा, असे धरले तर तुझ्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे. पण 325 साली निकियाच्या परिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले, ते उगाच शब्दांचा कीस पाडायला नव्हे. देव ख्रिस्तामध्ये राहून जगाशी समेट करत होता, असे पौल करिंथकरांना कळवतो. बळी घ्यायला बसलेला देव आणि स्वतः बळी जाणारा देव, यांतला फरक तुझ्या मित्राला सांग.

आता 'नुसती क्षमा'. समज, धाकट्या भावाने खोटी सही करून सामाईक शेत विकले आणि पैसे उडवले. पुढे तो रडत दारात आला आणि थोरल्याने त्याला घरात घेतले. कोर्टकचेरी झाली नाही. पण शेत गेले ते गेलेच. तो तोटा आता थोरल्याच्या ताटात रोज वाढला जाणार. क्षमा केली की नुकसान नाहीसे होत नाही. क्षमा करणारा ते स्वतःच्या अंगावर घेतो. देवाने किती अंगावर घेतले, ते गुलगुथावर, वधस्तंभाच्या जागी, दिसले.

याची उपपत्ती कशी लावायची, यावर मंडळी दोन हजार वर्षे वाद घालते आहे. सुरुवातीच्या धर्मपित्यांना त्यात मृत्यू आणि सैतान यांच्यावरचा विजय दिसला. अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीच्या अन्सेल्मने सरंजामी युरोपच्या भाषेत, मानभंगाची भरपाई म्हणून ते मांडले. आबेलार्डने प्रेमावर भर दिला. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या कॅल्विनने न्यायालय आणि शिक्षा यांची भाषा वापरली. यांतले एकही मत प्राचीन परिषदांनी सक्तीचे केलेले नाही. मतांगीकारात इतकेच येते की हे आपल्यासाठी घडले. तुला जेवढे पटते तिथून सुरुवात कर.

शंका : माझ्या धाकट्या बहिणीला तिचा नवरा मारतो. लग्नाला नऊ वर्षे झाली. गेल्या महिन्यात तिचा हात मोडला, तेव्हा मी तिला माहेरी आणले. मंडळीतले वडीलजन घरी येऊन सांगून गेले, "प्रत्येकाला आपला वधस्तंभ उचलावा लागतो. येशूने तोंड उघडले नाही. तिने प्रार्थना करत सासरी राहावे." बहीण देवभीरू आहे, परत जाते म्हणते. आम्ही चुकतो आहोत का?

समाधान : ताई, तुम्ही चुकत नाही. तिला पाठवू नका. पुढचे सगळे नंतर वाचलेत तरी चालेल.

हे उत्तर लिहिताना माझा हात जड होतो. तरुणपणी एका खेड्यातल्या मंडळीत मी एका बाईला हाच सल्ला दिला होता. तेच वचन, तोच वधस्तंभ. तिने ऐकले. दोन वर्षांनी ती माझ्या दारात आली तेव्हा तिला एका कानाने ऐकू येत नव्हते. मला ती काहीच बोलली नाही, आणि ते न बोलणे मी आजपर्यंत ऐकतो आहे.

येशू "वधस्तंभ उचला" म्हणाला ते कोणाला आणि कशाबद्दल? त्याच्या बाळपणीच वारस या रोमन सरदाराने बंड चिरडताना सुमारे दोन हजार यहूद्यांना वधस्तंभांवर चढवले होते, असे योसेफस या यहूदी इतिहासकाराने लिहिले आहे. ऐकणाऱ्यांना वधस्तंभ म्हणजे काय ते चांगले माहीत होते. देवाच्या राज्यासाठी माझ्यामागे आलात तर सत्ताधारी तुमचे हे करतील, तयारी असेल तर या, असे ते सांगणे होते. दारुड्या नवऱ्याच्या लाथा त्यात कुठेही बसत नाहीत. वधस्तंभ आपणहून उचलायचा असतो. दुसऱ्याने दुसऱ्याच्या पाठीवर लादला की लादणारा पिलाताच्या जागी जाऊन उभा राहतो.

आणि येशूने तोंड उघडले नाही म्हणणाऱ्यांनी शुभवर्तमान पुन्हा वाचावे. नासरेथकर त्याला कड्यावरून लोटायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. मंदिरात लोकांनी धोंडे उचलले तेव्हा तो तिथून बाहेर पडला. प्रमुख याजकापुढे एका शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा का मारलेस, असा जाब त्याने विचारला. गेथशेमानेच्या बागेत त्याने हा प्याला टळावा म्हणून घाम गाळून प्रार्थना केली. पौलाला तर रात्री पाटीत बसवून दिमिष्काच्या तटावरून खाली सोडावे लागले, आणि फटके बसायच्या वेळी त्याने आपले रोमन नागरिकत्व पुढे केले. पळून जाणे आणि कायद्याचा आधार घेणे, दोन्ही प्रेषितांच्या चरित्रात आहे.

तेव्हा कायद्याचा आधार घ्या. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा 2005 चा कायदा सगळ्या धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. नवऱ्याला मज्जाव करणारा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्च, हे सगळे मागता येते. महिलांसाठी 181 हा क्रमांक आहे, जिवावर बेतले तर 112. हाताच्या उपचाराचे कागद जपून ठेवा. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते. 1869 च्या घटस्फोट कायद्याखाली ख्रिस्ती पत्नीला नुसत्या क्रूरतेवरून घटस्फोट मिळत नव्हता. जोडीला नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. 2001 च्या दुरुस्तीने ही अट गेली. तिने घटस्फोट घ्यावा असे मी म्हणत नाही. ते ती ठरवील, हात बरा झाल्यावर आणि मन थोडे स्थिर झाल्यावर.

नवऱ्याला क्षमा करण्याचे काय, असेही ती विचारील. क्षमा आणि परत जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. उठलेला प्रभू पेत्राला समुद्रकिनारी भेटला. तीनदा नाकारणाऱ्याला त्याने तीनदा प्रश्न विचारला. पेत्र कष्टी झाला तरी विचारला. आधी त्या नवऱ्याला कोणीतरी असे प्रश्न विचारू दे. ते काम वडीलजनांचे आहे. त्यांना म्हणावे, घर चुकलात, पलीकडच्या गावी जा.

शंका : आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे. आम्ही हिंदू. गुड फ्रायडेला शुभेच्छा द्यायच्या की नाही? आणि हा सण दर वर्षी तारीख का बदलतो?

समाधान : शुक्रवारी शुभेच्छा नकोत. आमच्यात त्याला उत्तम शुक्रवार म्हणतात, पण तो शोकाचा दिवस आहे. आपल्याकडे कोणाच्या घरी दुःखाच्या दिवशी जाऊन बसतो, तसे गेलात तर त्यांना फार बरे वाटेल. शुभेच्छा रविवारी, ईस्टरला द्या, आणि दिलखुलास द्या.

तारखेचे म्हणाल तर पंचांग पाहणाऱ्याला ते लगेच कळेल. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. मुळात ती घटनाच यहूद्यांच्या वल्हांडण सणाच्या वेळची, आणि वल्हांडण पौर्णिमेचा. म्हणून ईस्टर बहुधा चैत्री पौर्णिमेच्या मागोमाग येतो. 2026 मध्ये हनुमान जयंती 2 एप्रिलला आणि ईस्टर 5 एप्रिलला. 2024 मध्ये मात्र तो होळीनंतर लगेच, 31 मार्चला होता.

शंका : माझा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. चौदा महिने झाले. गेल्या ईस्टरला सगळे टाळ्या वाजवून गात होते आणि मी उठून बाहेर गेलो. पत्नी म्हणते, तुमचा विश्वास डळमळला. येशू खरेच उठला, की आपल्यासारख्यांच्या समाधानासाठी हे सांगतात?

समाधान : दादा, समाधानासाठी रचले असते तर ते याहून बरे रचले असते. रिकाम्या कबरेची पहिली बातमी आणली ती बायकांनी. त्या काळी बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, आणि लूक सांगतो की प्रेषितांना ती बडबड वाटली. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या प्रती तर त्या बाया थरथर कापत पळाल्या आणि भीतीने कोणाला काही बोलल्या नाहीत, इथेच थांबतात. गोष्ट रचणारा माणूस असा शेवट करत नाही. पौलाने करिंथकरांना पहिले पत्र लिहिले ते घटनेनंतर पंचवीस वर्षांच्या आत. त्यात तो ज्यांना ज्यांना प्रभू दिसला त्यांची यादी देतो आणि त्यांतले बरेच अजून हयात आहेत असे बजावतो. इतिहास आपल्याला इथपर्यंत आणून सोडतो. पुढचे पाऊल विश्वासाचे, आणि मी ते टाकले आहे. तो उठला असे मी मानतो. तुमचा मुलगा त्याच्या हातात आहे असेही मानतो.

पण तुम्ही बाहेर गेलात यात तुमचे काही चुकले नाही. आपल्या मंडळ्या शुक्रवारवरून एकदम रविवारवर उडी मारतात. मधला शनिवार आपण झाडलोट करण्यात आणि फुले लावण्यात घालवतो. त्या शनिवारी शिष्यांकडे काय होते? बंद दार, आणि आत गप्प बसलेली माणसे. उद्या रविवार आहे हे त्यांना माहीत नव्हते. तुमचा शनिवार चौदा महिने लांबला आहे, एवढेच.

रविवारी उठून आलेला येशू कसा होता, तेही पाहा. खिळ्यांचे वण हातांत होते, भाला घुसला ती कूसही तशीच. थोमाला त्याने तेच दाखवले. देवाला ते बुजवता आले नसते का? पण झाले ते झालेच नाही, असे ईस्टर म्हणत नाही. मरीया मग्दालीया कबरेपाशी रडत उभी होती; रडणे थांबव, असे तिला कोणी म्हटले नाही. का रडतेस, एवढेच विचारले, आणि मग तिला नावाने हाक मारली.

पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा 1921 च्या जुलैत गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. त्यांनी ते काम सोडले नाही. 1922 च्या 5 एप्रिलला त्या स्वतः गेल्या, तोवर ते हातावेगळे झाले होते. लेकीनंतरच्या त्या महिन्यांत त्या टाळ्या वाजवून गात असतील असे मला वाटत नाही. रोज थोडी पाने पुढे सरकत असतील.

या ईस्टरला मागच्या बाकावर बसा. गाणे म्हणू नका. उभे राहू नका. बाकीचे तुमच्या वाटचे गातील. मंडळी असते ती यासाठीच. बाहेर जावेसे वाटले तर जा, आणि पत्नीला हे पत्र वाचून दाखवा. त्याही त्याच मुलाच्या आई आहेत, कदाचित टाळ्या हीच त्यांची रडण्याची रीत असेल.

पाकिटावरच्या शिक्क्यावरून तुमचे गाव माझ्यापासून एसटीने दोन तासांवर दिसते. ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मला काही काम नाही. दुपारच्या गाडीने येतो. मुलाची कबर दाखवा. बोलावेसे वाटले तर बोलू, नाहीतर तिथे बसू, आणि संध्याकाळच्या गाडीने मी परत फिरेन.